उत्कंठा आणि धक्का : बॉक्सिंग व एमएमए पाहताना

१ डिसेंबर २०१८ रोजी लॉस एंजेलिसमधील हेवीवेट लढतीच्या बाराव्या फेरीत डिऑन्टे वाइल्डरच्या उजव्या आणि पाठोपाठ डाव्या ठोशाने टायसन फ्युरी उताणा कोसळला. पंच त्याच्याशेजारी वाकून आकडे मोजू लागले. सुरुवातीचे काही आकडे तो निपचित पडून होता, आणि नऊ म्हणेपर्यंत उठून उभा राहिला. लढत बरोबरीत सुटली, पण ती पाहणाऱ्याच्या मनात निकालापेक्षा ते नऊ आकडेच घर करून राहतात.

बॉक्सिंगमध्ये पडलेल्याला उठण्यासाठी दहा आकडे मिळतात. एमएमएमध्ये, म्हणजे ठोसे, लाथा आणि पकडी एकत्र चालणाऱ्या मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये, अशी मोजणीच नाही. पडलेल्यावर प्रतिस्पर्धी चालून जातो आणि पंच मध्ये पडले की लढत संपते. दोन्ही खेळांच्या रंजकतेतला मूळ फरक मला या एका नियमात दिसतो : बॉक्सिंग प्रेक्षकाला ताणून धरते, तर एमएमए त्याला दचकवते.

हे दोन अनुभव मेंदूच्या दृष्टीनेही निराळे असावेत. माकडांच्या मेंदूतील डोपामाइन (बक्षिसाच्या अपेक्षेशी निगडित रसायन) स्रवणाऱ्या पेशींचा अभ्यास करताना मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांना आढळले, की फळाच्या रसाचा घोट अनपेक्षितपणे मिळाला तर या पेशी एकदम उद्दीपित होतात, आणि तोच घोट अपेक्षेप्रमाणे मिळाला तर जवळजवळ शांत राहतात. २००३ साली त्यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली : रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असेल, तेव्हा रसाची सूचना देणारी खूण दिसल्यापासून रसाच्या क्षणापर्यंत या पेशींची सक्रियता हळूहळू चढत जाते. माकडांवरून माणसाविषयी बोलताना जपूनच बोलावे लागते, तरीही पहिल्या नोंदीत मला धक्का दिसतो आणि दुसरीत उत्कंठा.

धक्क्याचे उदाहरण ऑगस्ट २०२२ मधले आहे. सॉल्ट लेक सिटीतील एमएमए लढतीत गतविजेता कमारू उस्मान गुणांवर पुढे होता आणि पाचव्या, शेवटच्या फेरीचे एक मिनिटही उरले नव्हते. लिऑन एडवर्ड्सने डाव्या हाताची हूल दिली, उस्मानचे डोके ती चुकवण्यासाठी बाजूला झुकले, आणि नेमकी तिथेच डाव्या पायाची लाथ येऊन धडकली. हात, पाय, कोपर, गुडघा, पकड हे सारे वैध असताना पुढचा हल्ला कुठून येईल याचा अंदाज प्रेक्षकालाच काय, गतविजेत्यालाही लागत नाही.

बॉक्सिंगमध्ये मात्र दोनच मुठी आणि कमरेवरचेच लक्ष्य असल्यामुळे, एकाचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) पुन्हा पुन्हा पोहोचतो आहे आणि दुसऱ्याचा डावा हात थकून खाली येतो आहे, हे नवख्यालाही दोन-तीन फेऱ्यांत उमगते. पुढे काय होऊ शकते हे ठाऊक असते, केव्हा होईल हे नसते. पुरुषांच्या विजेतेपदाच्या लढतीतल्या तीन-तीन मिनिटांच्या बारा फेऱ्या या प्रतीक्षेवरच उभ्या असतात. म्हणूनच माझे मत बॉक्सिंगच्या बाजूने झुकते.

एमएमएची लढत जमिनीवर गेली, की अनेकांना ती कंटाळवाणी वाटते. याचे एक कारण २००५ साली लंडनमध्ये झालेल्या प्रयोगात सापडते. बॅले आणि कपोएरा या दोन प्रकारांच्या नर्तकांना दोन्हींच्या चित्रफिती दाखवल्या, तेव्हा स्वतःला येणाऱ्या हालचाली पाहताना त्यांच्या मेंदूतील हालचालींशी निगडित भाग अधिक सक्रिय झाले. ठोसा मारणे म्हणजे काय, हे प्रत्येकाच्या हाताला थोडेफार कळते. गळा आवळण्यासाठी मानेखालून सरकणारा हात कळायला मात्र पकडीची सवय लागते. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्त्या पाहिलेल्या माणसाला एमएमएमधला दुहेरी पट आणि मागून घेतलेला ताबा लगेच ओळखू येईल. त्याचा अंदाज चुकेल तो पाठ टेकल्यावर, कारण त्याच्या लेखी तिथे कुस्ती चीतपट झालेली असते. डिसेंबर १९९४ मध्ये अमेरिकेतील टल्सा येथे एमएमएच्या लढतीत डॅन सेव्हर्न या वजनदार कुस्तीगिराने रॉयस ग्रेसीला पंधरा मिनिटे पाठीवर दाबून ठेवले होते, आणि त्या पाठीवरूनच ग्रेसीने दोन्ही पायांच्या कैचीत त्याची मान आवळून त्याला हार मानायला लावली.