कॉम्पॅक्ट हायब्रीड एसयूव्ही

पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर या दोन्हींच्या बळावर चालणारी, साधारण ४.२ ते ४.४ मीटर लांबीची, उंच बांध्याची मोटारगाडी. विदर्भात 'हायब्रीड' म्हटले की जुन्या माणसाला आधी संकरित ज्वारी आठवते, आणि ती आठवण अगदीच अस्थानी नाही. इथेही दोन जातींचा संकरच आहे. नागपूरच्या शोरूममध्ये मात्र पहिला प्रश्न हमखास एकच असतो, "चार्ज कुठे करायची?" उत्तर : कुठेच नाही. या गाडीला प्लग नसतो. टाकीत पेट्रोल भरायचे, वीज ती स्वतःच तयार करते.

टोयोटाची प्रियस १९९७ मध्ये जपानात आली तेव्हापासून हे तंत्र बाजारात आहे. भारतात होंडा सिव्हिक हायब्रीड २००८ मध्ये आणि प्रियस २०१० मध्ये आली, पण किमतीमुळे दोन्ही सामान्य घरापर्यंत पोचल्या नाहीत. मध्यमवर्गाच्या आवाक्याजवळ हे तंत्र आले ते २०२२ मध्ये, टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर आणि मारुती सुझुकी ग्रँड विटारा या जुळ्या गाड्यांमुळे. दोन्ही कर्नाटकातल्या बिडदी येथील टोयोटाच्या कारखान्यात तयार होऊ लागल्या. २०२५ मध्ये मारुतीच्या व्हिक्टोरिसची त्यांत भर पडली.

माइल्ड आणि स्ट्राँग : गिऱ्हाइकाचा सर्वांत मोठा गोंधळ इथे होतो. माइल्ड हायब्रीडमध्ये १२ व्होल्टची छोटी मोटर पट्ट्याने इंजिनाला जोडलेली असते. ती इंजिनाला हातभार लावते, सिग्नलवर बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करते, पण एकटी चाके फिरवू शकत नाही. तिला हायब्रीड म्हणणे म्हणजे मीठ टाकले म्हणून पाण्याला रस्सा म्हणणे. स्ट्राँग हायब्रीड ही वेगळीच वस्तू. तिच्यात मोटर एकटी गाडी ओढू शकते. माहितीपत्रकात कधी कधी दोन्हींच्या नावांत हायब्रीड असते, म्हणून बुकिंगच्या वेळी 'स्ट्राँग' हा शब्द कागदावर पाहून घ्यावा. या नोंदीत पुढे स्ट्राँग हायब्रीडचाच विचार केला आहे.

रचना : हायरायडर आणि ग्रँड विटारा यांत १४९० सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आहे. ते ॲटकिन्सन चक्रावर चालते, म्हणजे त्यात दाबण्याचा टप्पा आखूड आणि प्रसरणाचा लांब असतो. त्यामुळे पेट्रोलची उष्णता जास्त कामी येते, पण कमी वेगात जोर कमी पडतो. ही उणीव मोटर भरून काढते. इंजिनाची ताकद ९२ पीएस (अश्वशक्तीचे माप), मोटरची ८०, आणि दोन्ही मिळून सुमारे ११६. नुसती बेरीज केली तर १७२ व्हायला हवेत, पण दोघांचे कमाल जोर एकाच क्षणी मिळत नाहीत. टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, पाहिला तर मोटरचा १४१ न्यूटन-मीटर, इंजिनाचा १२२. जाग्यावरून गाडी अलगद सुटते ती या मोटरमुळेच.

क्लच नाही, पायऱ्यापायऱ्यांनी बदलणारे गिअर नाहीत. मधे एक दातेरी चाक, त्याभोवती फिरणारी छोटी चाके आणि बाहेर दातेरी कडे, अशा एकाच जोडणीतून इंजिन आणि दोन मोटरी (एक चाके ओढणारी, दुसरी मुख्यतः वीज बनवणारी) यांची शक्ती वाटली जाते. नेहमीचा स्टार्टर नाही, अल्टरनेटरही नाही, त्यामुळे सेल्फ मारल्याचा 'घर्र' आवाज येत नाही. बटण दाबले की डॅशबोर्डवर 'रेडी' एवढाच शब्द उजळतो. नवा माणूस गाडी सुरूच झाली नाही असे समजून पुन्हा बटण दाबतो आणि ती बंद करून बसतो.

बॅटरी लिथियम-आयन, ०.७६ किलोवॉट-तास क्षमतेची. घरच्या मीटरच्या भाषेत पाऊण युनिट. पूर्ण विजेवरच्या याच आकाराच्या गाडीत साधारण ४० ते ६० युनिटांची बॅटरी असते, यावरून फरक कळावा. हायब्रीडची बॅटरी म्हणजे कणगी नव्हे, शेंगा खाताना हाताशी ठेवलेली वाटी. सतत भरते, सतत रिकामी होते.

शहरात : वर्धा रोडने सीताबर्डीहून निघून पंचशील, रहाटे कॉलनी, अजनी असे चौक घेत छत्रपती चौकाकडे जाताना या गाडीचा स्वभाव पुरता दिसतो. लाल दिवा दिसला, पाय उचलला की समोरच्या पडद्यावर ऊर्जेची वाट दाखवणारे बाण उलटे फिरतात : चाकांकडून बॅटरीकडे. ब्रेक हलका दाबला की मोटरच जनित्र होऊन गाडी सावकाश करते. चौकात शांतता. हिरवा लागला की पहिली काही मीटर मोटर एकटी ओढते, मग इंजिन जागे होते. जोरात पाय दिला तर लगेच, हलका ठेवला तर बरेच पुढे जाऊन. साध्या पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज जिथे सर्वांत जास्त मार खाते, त्या थांबत-सरकत जाणाऱ्या रहदारीतच हिचे सर्वांत चांगले निघते. कंपनीचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर. शहरात जपून चालवणाऱ्याला २० ते २४ मिळतात, पाय जड असेल तर त्याहून कमी. इतवारीच्या बोळांत, जिथे मुंगीच्या पावलाने जावे लागते, तिथे इंजिन बराच वेळ झोपलेले असते. मागून गाडी आलेली पायी चालणाऱ्याला कळेलच असे नाही, हॉर्न मात्र वाजवावा लागतो.

ऊन : नागपूरपुरता हाच या विषयाचा गाभा आहे, आणि माहितीपत्रकांत नेमका तोच नसतो. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत ४५ अंशांचे कोणाला नवल वाटत नाही, चौकांत दुचाकीस्वारांच्या डोक्यावर हिरव्या जाळ्या बांधाव्या लागतात. अशा दुपारी माइल्ड हायब्रीडचे इंजिन सिग्नलवर बंद पडले की एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो, कारण तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. मिनिटभरात झडपांतून कोमट वारा येऊ लागतो आणि माणूस वैतागून ती सोय बंदच करून टाकतो. स्ट्राँग हायब्रीडमध्ये कॉम्प्रेसर विजेवर चालतो. इंजिन बंद, एसी चालू, गारवा तसाच. मेमधल्या नागपूरकराला मायलेजच्या आकड्यापेक्षा ही गोष्ट मोलाची वाटली तर ते समजण्यासारखे आहे.

पण गारवा फुकट मिळत नाही. कॉम्प्रेसरने तासाला दीड युनिट या वेगाने वीज घेतली, तर पाऊण युनिटांची बॅटरी किती पुरणार? शिवाय ती पूर्ण रिकामी होऊच दिली जात नाही. म्हणून उन्हात तापलेली गाडी घेऊन निघाले की उभ्या गाडीतही इंजिन दर थोड्या वेळाने सुरू होते, केवळ वीज भरण्यासाठी. हिवाळ्यात जे ॲव्हरेज मिळते ते मेमध्ये मिळत नाही. बॅटरीलाही उकाडा बाधतो. तिला थंड ठेवण्यासाठी पुष्कळ हायब्रीड गाड्यांत आतल्याच हवेचा झोत वापरतात आणि ती हवा ओढणारी जाळी मागच्या आसनाजवळ असते. त्या जाळीसमोर बॅग, चादर किंवा संत्र्यांची पेटी लावून ठेवणे म्हणजे बॅटरीचे नाक दाबणे.

महामार्गावर : समृद्धी महामार्ग नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटरचा आहे आणि ५ जून २०२५ रोजी त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला. कारला १२० ची वेगमर्यादा. इथे हायब्रीडची जादू विरते. थांबणे नाही, म्हणून ब्रेकमधून वीज नाही, आणि हवेचा अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो : ८० च्या तुलनेत १२० ला सव्वादोन पट. ताशी ८०–९० ने गेले तर सपाट रस्त्यावर इंजिन मधूनमधून थांबते आणि आकडा सुखावतो. १२० धरले की १६–१७ वर समाधान मानावे. तरी ४५ लिटरची टाकी फुल्ल केली तर आमणे गाठता येते.

पिकअपबद्दल अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. शून्यापासून १०० गाठायला १२ सेकंदांच्या आसपास लागतात. काटोल रोडवर ट्रकच्या मागे अडकून एकदम पाय दाबला की आधी आवाज पळतो, गाडी त्याच्या मागून येते. तीन सिलिंडरची घरघर तेव्हा आत स्पष्ट ऐकू येते. रोज सीताबर्डीत फिरणाऱ्याला ती ऐकू येणारच नाही, रोज अमरावती गाठणाऱ्याला रोज येईल.

चिखलदऱ्याच्या घाटात आणखी एक मर्यादा कळते. माणसे-सामानासह १५०० किलोची गाडी १०० मीटर खाली उतरली की सुमारे ०.४ युनिट ऊर्जा सुटते. बॅटरी काही वळणांतच भरते आणि पुढची ऊर्जा वाया जाते. तेव्हा गिअरची दांडी 'बी' या खुणेवर घ्यावी म्हणजे इंजिनाचा रोध मिळतो आणि ब्रेक तापत नाहीत.

सोयी : महागड्या प्रकारांत हवेशीर पुढची आसने, ३६० अंशांचा कॅमेरा, काचेवर वेग दाखवणारा पडदा आणि मोठे काचेचे छप्पर मिळते. हवेशीर आसनाचा इथे खरा उपयोग आहे. काचेच्या छपराचा एप्रिल ते जून पडदा ओढून ठेवण्यापलीकडे काही नाही. बॅटरी डिक्कीखाली असल्याने डिक्कीचा तळ उचलला जातो आणि जागा साध्या प्रकारापेक्षा बरीच कमी होते. लग्नाला चार बॅगा घेऊन निघणाऱ्या कुटुंबाने डिक्की उघडून पाहिल्याशिवाय सही करू नये.

हिशेब : जुलै २०१७ नंतर या आकाराच्या हायब्रीडवर जीएसटी आणि उपकर मिळून ४३ टक्के कर होता; २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. विजेच्या गाडीवर ५. पेट्रोल १०४ रुपये, साध्या गाडीचे ॲव्हरेज १३, हायब्रीडचे २२ आणि महिन्याला १००० किलोमीटर धरले, तर महिन्याला सुमारे ३१ लिटर, म्हणजे सव्वातीन हजार रुपये वाचतात. जास्तीची किंमत अडीच लाख असेल तर ती फिटायला सहा वर्षांहून अधिक लागतात. महिन्याला २००० किलोमीटर फिरणाऱ्याची तीन वर्षांहून थोड्या अधिक काळात फिटते. सीएनजी हा पर्याय याच गाड्यांत आहे, पण २०२२ मध्ये नागपुरात तो किलोला शंभरावर गेला होता, हे पंपावर रांग लावलेल्यांना आठवत असेल. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यावर ॲव्हरेज थोडे घटते, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे एकतृतीयांश कमी असते.

निगा : हायब्रीड बॅटरीवर या कंपन्या ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. रोजच्या त्रासाचे कारण बहुधा ती नसतेच. गाडीत नेहमीची १२ व्होल्टची छोटी बॅटरीही असते आणि ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही 'रेडी' उजळत नाही. उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे अंगणात उभी ठेवलेली गाडी हमखास इथेच दगा देते. आठवड्यातून एकदा अर्धा तास 'रेडी' करून ठेवणे पुरते. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत गाड्या बुडाल्या होत्या. हायब्रीड अशा पाण्यात सापडली तर बटणाला हात लावू नये, नारिंगी आवरणाच्या तारांना तर नाहीच, कारण त्यांत उच्च दाबाची वीज असते. गाडी पुढची चाके उचलून किंवा ट्रकवर चढवूनच न्यावी : चाके जमिनीवर फिरली की मोटर वीज बनवू लागते.