तालांव भरावा की नाकारावा: गोव्यातील वाहतूक दंडामागचा इतिहास

वाहतूक पोलिसाने हातात दिलेला किंवा मोबाईलवर आलेला तालांव (वाहतूक दंडाचे चलान) ही शिक्षा नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 खाली सरकारने पुढे केलेली ती तडजोड असते: ठरलेली रक्कम भरा, मग प्रकरण न्यायालयात जाणार नाही. रक्कम भरली नाही तर खटला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातो आणि गुन्हा घडला हे सरकारला सिद्ध करावे लागते. आपल्याकडे मात्र सगळी शक्ती रस्त्याकडेच्या हुज्जतीत खर्च होते. ‘पुढची गाडी का सोडली’ यावर अर्धा तास जातो, आणि तालांवावर कलम कोणते लिहिले आहे हे कोणी वाचत नाही. लढायला खरोखर उपयोगी पडणारे मुद्दे त्या कलमातच असतात, आणि त्यातले काही नव्वद वर्षांहून जुने आहेत.

गोव्यापुरता इतिहास थोडा वेगळा आहे. पोर्तुगालने 1928 साली वाहतूक डाव्या बाजूवरून उजवीकडे नेली. गोव्याच्या तिन्ही अंगांना ब्रिटिश हिंदुस्थानचे रस्ते होते, त्यामुळे इथली वाहतूक डावीकडेच राहिली. म्हणूनच 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाल्यावर पत्रादेवी किंवा पोळे हे सीमेवरचे नाके ओलांडताना कोणाला बाजू बदलावी लागली नाही. बदलला तो कायदा. ब्रिटिश अमदानीत, 1 जुलै 1939 पासून लागू झालेला मोटार वाहन कायदा मुक्तीनंतर गोव्यातही आला. 1 जुलै 1989 पासून त्याची जागा 1988 च्या कायद्याने घेतली. आज आपण ज्याला ‘नवा कायदा’ म्हणतो तो याच 1988 च्या कायद्यातला 2019 चा बदल आहे.

1988 च्या कायद्यात राहिलेल्या दोन तरतुदी ब्रिटनमधल्या जुन्या विचारातून आल्या आहेत. त्या काळी रस्त्याकडेला उभा असलेला शिपाई नजरेनेच वेग ठरवायचा. ‘माझ्या मते गाडी जोरात होती’ एवढ्या एका वाक्यावर माणसाला शिक्षा होऊ नये म्हणून नियम झाला की, वेगाबद्दल एकट्या साक्षीदाराचे मत पुरेसे नाही. आजच्या कायद्यात हे कलम 183(3) मध्ये आहे: ते मत यंत्राच्या मोजणीवर आधारलेले असले पाहिजे. दुसरी अडचण उशिराची. तीन महिन्यांनी समन्स आले तर त्या दिवशी त्या वळणावर काय घडले हे चालकाला आठवणार कसे? ब्रिटनच्या 1930 च्या कायद्याने यासाठी 14 दिवसांत सूचना देण्याचे बंधन घातले. आपल्याकडे ते कलम 209 मध्ये आहे. कलम 183 (अतिवेग) किंवा 184 (धोकादायक चालवणे) खाली शिक्षा व्हायची तर तीनपैकी एक गोष्ट घडलेली असावी लागते: जागेवरच ‘तुमच्यावर खटला होऊ शकतो’ असे बजावलेले असणे, 14 दिवसांत गुन्ह्याचे स्वरूप, वेळ आणि जागा सांगणारी नोटीस चालकाला किंवा नोंदणीकृत मालकाला दिलेली वा रजिस्टर्ड टपालाने पाठवलेली असणे, किंवा 28 दिवसांत समन्स बजावलेले असणे. पत्ता प्रयत्न करूनही सापडला नाही किंवा चालकानेच टाळाटाळ केली, तर मात्र या संरक्षणाचा उपयोग होत नाही.

रस्त्यावर पोलीस समोर उभा होता तोवर कलम 209 ची कोणाला गरज पडली नाही, कारण बजावणे तिथेच व्हायचे. शिवाय दंडही किरकोळ होता. 1988 च्या मूळ कायद्यात कलम 177 खाली पहिल्या गुन्ह्याला 100 रुपये आणि पुढच्याला 300 रुपये होते. हेल्मेट त्यातच यायचे. परवाना नसताना गाडी चालवली तर 500 रुपयांपर्यंत. शंभराच्या नोटेसाठी न्यायालयाची पायरी कोण चढणार? तीसेक वर्षे लोक पैसे भरून मोकळे होत राहिले, आणि तालांव नाकारता येतो ही गोष्टच विसरली गेली.

मद्यपानाचे कलम सुरुवातीपासून वेगळे होते. 1988 च्या मूळ कलम 185 मध्ये रक्तात अल्कोहोल ‘कितीही अल्प’ सापडले तरी गुन्हा होता. 1994 च्या दुरुस्तीने मर्यादा आली: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त, ब्रेथ अनलायझरच्या चाचणीत. हे कलम तडजोडीच्या यादीत नाही. त्यामुळे ‘इथेच काय ते भरून मिटवू’ असे कोणी म्हणाले तर तो व्यवहार कायद्याबाहेरचा समजावा. पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ते न्यायालयच ठरवते. इथे लढण्याची जागा यंत्र आहे: चाचणीची छापील पट्टी, तिच्यावरची वेळ, यंत्राचा क्रमांक आणि त्याच्या तपासणीचे प्रमाणपत्र. पट्टीची प्रत तिथेच मागावी. ‘एकच पेग घेतला होता’ हा बचाव नाही, कबुली आहे.

2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मला मनाई केली. गोव्यात पर्यटकांच्या गाड्या थांबवण्याचे ते हुकमी कारण बनले. 2017 हे वर्ष गोव्यासाठी जास्त महत्त्वाचे. रस्त्यावर कसे चालवावे याचे 1989 चे नियम जाऊन केंद्राचे नवे ड्रायव्हिंग विनियम आले, आणि त्याच वर्षी गोवा पोलिसांनी ‘ट्रॅफिक सेंटिनल’ योजना सुरू केली. सामान्य नागरिकाने उल्लंघनाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, त्याला गुण मिळायचे, गुणांचे बक्षीस मिळायचे. योजनेला विरोध बराच झाला, पण बदल व्हायचा तो झालाच: तालांव देणारा आणि उल्लंघन पाहणारा ही दोन माणसे वेगळी झाली. चालकाला थांबवण्याची गरज उरली नाही.

मग 2019 ची दुरुस्ती आली. दंडाची कलमे देशभर 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झाली. गोवा सरकारने तेव्हा अंमलबजावणी पुढे ढकलली. आधी रस्त्यांचे खड्डे बुजवू, मग दंड वाढवू, अशी भूमिका होती. तारखा पुढे जात राहिल्या, मध्ये कोविड आला, आणि वाढीव दंड गोव्यात प्रत्यक्ष सुरू झाला तो 1 एप्रिल 2022 पासून. कायद्याच्या अंगाने ही अडीच वर्षे विचित्र होती. दंड कमी ठेवायचा तर राज्याच्या हातात फक्त तडजोडीची रक्कम असते, मूळ कलम संसदेचे असते. त्यामुळे रस्त्यावर जुना दर आणि प्रकरण न्यायालयात गेले तर नवे कलम, अशी स्थिती होती. खड्ड्यांचा मुद्दा मात्र अगदीच पोकळ नव्हता. याच दुरुस्तीने आलेल्या कलम 198अ नुसार सदोष रस्त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम 210ब नुसार कायदा राबवणाऱ्यानेच गुन्हा केला तर त्याला दुप्पट दंड आहे. या दोन कलमांची चर्चा हेल्मेटच्या हजार रुपयांइतकी कधी झाली नाही.

केंद्रीय कायद्यातले आजचे आकडे असे. हेल्मेट नसेल तर 1,000 रुपये आणि परवाना तीन महिने अपात्र. सीटबेल्ट 1,000. परवान्याविना चालवणे 5,000. विमा नसेल तर पहिल्या वेळी 2,000. हलक्या वाहनाचा अतिवेग 1,000 ते 2,000. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालक किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. किनारी भागात आणखी एक प्रकार नित्याचा आहे: पांढऱ्या पाटीची खासगी दुचाकी पर्यटकाला भाड्याने देणे. रेंट-अ-कॅबची योजना 1989 ची आणि रेंट-अ-मोटरसायकलची 1997 ची. अशा परवानाधारक गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे लागतात. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने फिरली तर कलम 192अ लागते, 10,000 रुपये. त्याहून मोठा धोका अपघातानंतर असतो, कारण खासगी गाडी भाड्याने दिली होती म्हणून विमा कंपनी हात वर करू शकते.

कॅमेऱ्यांचे नियम केंद्राने ऑगस्ट 2021 मध्ये आणले, आणि 1 जून 2023 पासून पणजीजवळच्या मेरशी जंक्शनवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सिग्नल यंत्रणेतून आपोआप तालांव निघू लागले. 2021 च्या नियम 167अ नुसार यंत्राला मान्यता प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे. ‘इथे कॅमेरा आहे’ अशी पाटी रस्त्यावर हवी. नोटिशीसाठी या नियमाने 15 दिवस दिले, तर कायद्याचे कलम 209 म्हणते 14. मसुदा करताना हा एक दिवस कोणाच्या नजरेतून निसटला कोण जाणे, पण नियम कायद्याच्या वर जाऊ शकत नाही.

लाल दिवा तोडण्याच्या तालांवात तर कलम वाचल्याशिवाय पाऊल टाकूच नये. 2019 नंतर लाल दिवा ओलांडणे आणि हातात फोन धरून चालवणे ही दोन्ही कलम 184 च्या स्पष्टीकरणात आली आहेत. तडजोड मात्र 184 मधल्या फोनच्या भागापुरतीच होते. त्यामुळे लाल दिव्याला 184 लावले असेल तर ते प्रकरण न्यायालयाचे आहे आणि कलम 209 चे संरक्षण मिळते. कलम 119 सह 177 लावले असेल तर पहिल्या वेळी 500 रुपयांत तडजोड होते, पण 209 चा मुद्दा चालत नाही.

नाकारायचे ठरवले तर आधी सरकारच्या ई-चलान पोर्टलवरून तालांव आणि फोटो उतरवून घ्यावा. फोटोत पूर्ण नंबर, गाडीचा रंग आणि प्रकार, वेळ, जागा जुळते का पाहावे. सर्वाधिक चुका इथेच निघतात. मातीने भरलेल्या पाटीवरचा 3 यंत्राला 8 दिसतो, आणि पणजीतल्या कारचा तालांव काणकोणच्या स्कूटरवाल्याला जातो. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे विकलेली पण नावावर न केलेली गाडी. राज्यातल्या राज्यात विकल्यावर 14 दिवसांत वाहतूक खात्याला कळवणे हे विकणाऱ्याचे काम आहे. ते केलेले नसेल तर तक्रारीसोबत विक्रीपत्र आणि ताबा दिल्याची तारीख लावावी. गाडी दुसरा चालवत असेल तर कलम 133 प्रमाणे मालकाने त्याची माहिती द्यायची असते. तक्रार पोर्टलवर पुराव्यासह नोंदवावी आणि तीच वाहतूक पोलीस कक्षात लेखी देऊन पोचशिक्का घ्यावा. मुदत तालांवावर लिहिलेली असते आणि नियमांत ती बदलत आली आहे, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नये. कागदपत्रांबद्दलचा वाद आता राहू नये: 2018 च्या दुरुस्तीनंतर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधला परवाना आणि आरसी मूळ कागदाइतकेच ग्राह्य आहेत. गॅलरीतला फोटो नव्हे.

बॉडी कॅमेरा लावलेल्या निरीक्षकांनीच तालांव द्यावेत, असे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी 2025 मध्ये जाहीर केले. रस्त्यावरच्या तालांवाबद्दल वाद असेल तर त्या चित्रीकरणाची मागणी लगेच, लेखी आणि वेळ लिहून करावी. न्यायालयात कोणतेही चित्रीकरण नुसते दाखवून भागत नाही. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीतून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. 1 जुलै 2024 पासून तेच बंधन भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63(4) मध्ये आहे. मुदतीचा मुद्दाही तपासावा. अतिवेग, हेल्मेट अशा फक्त दंडाच्या गुन्ह्यात सहा महिने उलटल्यावर न्यायालय दखल घेऊ शकत नाही, विलंब माफ केला तर गोष्ट वेगळी. कलम 184 ला कैदेची शिक्षा असल्याने तिथे एक वर्ष.

लोकअदालतीत रक्कम कमी होऊ शकते, पण तिथे तडजोड होते, निर्दोष असल्याचा निवाडा मिळत नाही. 500 रुपयांसाठी मडगावच्या न्यायालयात दोन-तीन दिवस मोडणे परवडत नाही, हे खरेच. पण भरण्याआधी एक हिशेब करावा: 2019 पासून तडजोड झालेला गुन्हाही ‘पहिला गुन्हा’ म्हणून मोजला जातो आणि त्याच गुन्ह्याचा पुढचा तालांव दुसऱ्या गुन्ह्याच्या दराने येतो. हेल्मेट, दुचाकीवर तिघे जण, अतिवेग यांत पैसे भरल्यावरही परवाना निलंबनाची कारवाई सुरू राहू शकते. पोलिसाने परवाना ताब्यात घेतला तर तात्पुरती पावती घ्यावी, तिच्यावर गाडी चालवता येते. निलंबनापूर्वी परवाना अधिकाऱ्याने बाजू मांडण्याची संधी द्यायची असते. ती नोटीस आली की लेखी उत्तर द्यावे. आदेश विरोधात गेला तर कलम 19(3) खाली 30 दिवसांत अपील करता येते.