करवतीच्या दातांची वीज आणि कॅमेरा

चित्रकलेच्या वहीत आपण सगळ्यांनी वीज काढली आहे ती करवतीच्या दातांसारखी. थोरामोठ्या चित्रकारांची वीजही शतकानुशतकं तशीच असायची. फिलाडेल्फियाच्या विल्यम जेनिंग्ज या छायाचित्रकाराला नेमकं हेच खटकत होतं.

सेंट लुईसच्या थॉमस ईस्टर्ली यांनी १८४७ मध्येच विजेचं डॅगेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचा जुन्या पद्धतीचा फोटो, घेतल्याची नोंद आहे. पण हे काम इतरांच्या आवाक्यात आलं ते ड्राय प्लेट, म्हणजे आधीच रसायन लावून वाळवलेली फोटोची काच, निघाल्यावर. जेनिंग्ज यांचे सुरुवातीचे प्रयत्न फुकट गेले, प्लेटवर काही उमटेना. २ सप्टेंबर १८८२ ला वीज उमटली. सरळ रेघा आणि टोकदार कोपरे कुठेच नव्हते. नदीसारखी वळणं घेत, फाटे फोडत गेलेली वीज होती.

रात्री विजेचा फोटो घ्यायची पद्धत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. काळोखात भिंग उघडं ठेवायचं आणि थांबायचं. वीज आपल्याच उजेडात आपलं चित्र काढते. वळवाच्या रात्री ट्रायपॉड लावून दहा-वीस सेकंद शटर उघडं ठेवणारे आजही तेच करतात.

१८८९ मध्ये हॉफर्ट या संशोधकांनी गडगडाट चालू असताना कॅमेरा मुद्दाम हलवत ठेवला. डोळ्यांना एकच दिसलेली वीज प्लेटवर शेजारी शेजारी अनेकदा उमटली. म्हणजे त्याच वाटेने ती पुन्हा पुन्हा धावली होती.

मला मात्र सगळ्यात जवळचे वाटतात ते इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हर्नन बॉइझ. १९०० च्या सुमारास त्यांनी एक कॅमेरा बनवला. गरगर फिरणाऱ्या चकतीवर समोरासमोर दोन भिंगं. एकातलं चित्र एका बाजूला ओढलं जाई, दुसऱ्यातलं उलट बाजूला. दोन्ही शेजारी ठेवली की विजेचा कोणता भाग आधी उजळला ते मोजता येई. कॅमेरा तयार होता, पण मनाजोगती वीज त्यात सापडली ती १९२८ मध्ये, न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्कला. तोवर जवळजवळ अठ्ठावीस वर्षं गेली होती!

त्याच धर्तीच्या कॅमेऱ्यांनी १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत भौतिकशास्त्रज्ञ बेसिल शोनलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेचा प्रवास उलगडला. आधी एक फिकट धार टप्प्याटप्प्याने, साधारण पन्नास-पन्नास मीटरच्या उड्या घेत खाली येते. ती जमिनीला भिडली की डोळे दिपवणारा लोळ उसळतो, तो खालून वर. वीज ‘पडते’ असं आपण म्हणतो, पण आपल्याला दिसणारा तो लख्ख उजेड जमिनीकडून ढगाकडे चढलेला असतो.

भर दिवसा शटर फार वेळ उघडं ठेवता येत नाही, फोटो पांढरा पडतो. म्हणून आता लाइटनिंग ट्रिगर वापरतात. पहिला उजेड दिसला की तो शटर उघडतो, पण तोवर पहिला लोळ बहुधा विझलेला असतो. तरीही वीज फोटोत येते, कारण हॉफर्टच्या प्लेटवर दिसली होती तशी ती त्याच वाटेने सेकंदाच्या काही शतांश भागात पुन्हा धावते.