फोन लागत नसताना मेसेज कसा जातो?

१२ जानेवारी २०१० ला कॅरिबियन समुद्रातला हैती हा देश ७ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला. काही दिवसांतच तिथे मदत मागण्यासाठी ४६३६ हा मोफत एसएमएस क्रमांक सुरू झाला. लोक आपल्या क्रेओल भाषेत लिहायचे. जगभर विखुरलेले हैतीचे स्वयंसेवक ते इंग्रजीत उतरवून, ठिकाण नकाशावर दाखवून पथकांकडे पाठवायचे. नकाशात नसलेल्या वस्त्यांची नावं त्यांना तोंडपाठ होती, ही फार मोलाची गोष्ट.

अशा वेळी कॉल अडतो, कारण बोलणं संपेपर्यंत टॉवरची एक वाहिनी अडकून राहते. एसएमएस मात्र फोन आणि टॉवर एकमेकांना खुणा पाठवतात त्या वाटेने क्षणात निघून जातो. समोरचा फोन बंद असेल तर तो कंपनीच्या केंद्रात थांबतो आणि केंद्र पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. टॉवरची बॅटरीच संपली तर मात्र इलाज नाही. सगळ्यांनी एकदम पाठवायला घेतलं की ही वाटही तुंबते, म्हणून ‘सेंड’ सारखं दाबत राहू नये.

मराठीत लिहिताना जागा फार कमी मिळते. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला एका बाइटहूनही कमी जागा लागते, म्हणून ती १६० बसतात; देवनागरी चिन्हाला दोन बाइट लागतात, म्हणून ती फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात: ‘विद्यार्थी’ डोळ्यांना तीन अक्षरं, फोनला दहा. ७१वं चिन्ह आलं की मेसेजचे ६७-६७चे तुकडे होतात, कारण जोडणीच्या माहितीला ६ बाइट लागतात. एखादा तुकडा हरवला तर बऱ्याच फोनवर मजकूर अर्धवट दिसतो किंवा दिसतच नाही.

म्हणून, समजा पुरात अडकलात, तर नमस्कार-विनंती गाळून असं लिहावं:

‘सकाळी ७.१०. आंबेवाडी मारुती मंदिरामागे. ९ जण, १ गरोदर. बोट हवी.’

ही ६३ चिन्हं झाली. वेळ, जागा, माणसं, गरज, सगळं आलं. ‘आमच्या घरी पाणी शिरलंय, लवकर या’ यातून बोटवाल्याला काहीच कळत नाही.

वेळ लिहिणं सर्वांत जास्त राहून जातं. मेसेज केंद्रात तासन् तास अडकू शकतो आणि कोणी तो दुसऱ्याला पुढे पाठवला की फोन नवी वेळ दाखवतो. सकाळी सुटका झालेल्या घराकडे दुपारी दुसरी बोट निघते, ती अशीच. सुटका झाल्यावर त्याच क्रमांकावर ‘९ जण सुखरूप’ एवढं जरूर कळवा, म्हणजे ती बोट पुढच्या घरी जाईल.