एडिटरला आजची खबर कोण आणतं?

परवा पायथॉनमध्ये दोन तक्ते एकाखाली एक जोडायचे होते. कोड लिहायच्या एडिटरच्या कडेला बसलेल्या एआय मदतनिसाला सांगितलं, त्यानं लगेच ओळ लिहून दिली: 'डीएफ डॉट अपेंड'. चालवली, तर लाल अक्षरांत एरर. तक्त्याला 'अपेंड' नावाचं काही नाहीच, म्हणे! खरंच नव्हतं. पांडाज या तक्ते हाताळायच्या तयार कोडच्या संचानं, म्हणजे लायब्ररीनं, ही सोय जाणार असल्याचं २०२२ मध्येच सांगून ठेवलं होतं आणि एप्रिल २०२३ मध्ये २.० आवृत्ती आली तेव्हा ती काढून टाकली. आता 'कॉनकॅट' वापरायचं.

मदतनिसामागचं भाषेचं मॉडेल एका ठरावीक तारखेपर्यंतचा मजकूर वाचून तयार होतं, हे एक कारण. पण मेख दुसरीकडेच आहे. 'अपेंड' वापरणारा वर्षानुवर्षांचा कोड नेटवर ढिगानं पडलाय, आणि ते काढल्याची नोंद त्या मानानं मूठभर पानांवर. ती नोंद मॉडेलच्या वाचनात आली असली, तरी हात जुन्या सवयीकडेच वळतो.

मग त्याला नेटवर शोधायला सांगायचं. मात्र मॉडेल स्वतः कुठेच जात नाही, ते फक्त चिठ्ठी लिहितं. कोणकोणती टूल्स हाताशी आहेत आणि कुठल्या टूलला काय माहिती लागते, याची यादी एडिटरनं त्याला आधीच दिलेली असते. त्यातलं शोधाचं टूल निवडून मॉडेल शोधायचे शब्द लिहितं. ही चिठ्ठी एडिटर आपल्याच लॅपटॉपवर चालणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमकडे देतो. तो एपीआय की, म्हणजे आपल्या खात्याची गुप्त किल्ली, दाखवून सर्च सेवेकडून शीर्षकं, पत्ते आणि दोन-चार ओळींचे उतारे आणतो. ते संभाषणात ओतले की मॉडेल सगळं पुन्हा वाचतं आणि उत्तर लिहितं.

पूर्वी ही जोडणी प्रत्येक एडिटरसाठी वेगळी करावी लागायची. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला आणि चिठ्ठीचा नमुना एक झाला. कल्पना एडिटरच्याच घरातली: मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल आणून प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेची प्रत्येक एडिटरशी वेगळी सोयरीक जुळवण्याचा ताप असाच संपवला होता.

एमसीपीचे निरोप जेसन-आरपीसी नावाच्या साध्या मजकुरात असतात. प्रोग्रॅम लॅपटॉपवरच असेल तर ते बहुधा स्टँडर्ड इनपुट आणि आउटपुटमधून जातात, म्हणजे युनिक्सच्या जमान्यातल्या त्याच जुन्या नळ्यांतून. मी असा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे एमसीपी सर्व्हर, पहिल्यांदा लिहिला, तेव्हा तपासणीसाठी मजकूर छापणारा एक 'प्रिंट' टाकला होता. तो निरोपाच्याच नळीत गेला, एडिटरला जेसनच्या मध्ये 'इथवर आलो' असं वाचायला मिळालं आणि जोडणी तुटली. अर्धा दिवस मी एपीआय कीला शिव्या देत होतो. असे तपासणीचे निरोप, म्हणजे लॉग, 'स्टँडर्ड एरर' या वेगळ्या नळीकडे पाठवायचे असतात, हे मग कळलं.

कीचंही पथ्य आहे. ती सेटिंगच्या फाइलमध्ये तशीच लिहून कोड साठवायच्या गिटवर सगळ्यांना दिसेल अशी ढकलली, तर आपल्या खात्यावर दुसराच कुणी शोध घेत बसेल. मदतनीस एका प्रश्नापायी पाच-सहा शोध सहज उडवतो, तेव्हा फुकटचा कोटा लवकर संपतो. मग ४२९ हा आकडा येतो: फार विनंत्या झाल्या, जरा थांबा.

मला खरी धास्ती वाटते ती आलेल्या मजकुराची. मॉडेलच्या दृष्टीनं माझी सूचना आणि परक्या पानावरचं वाक्य, दोन्ही मजकूरच. कुणी पानात लपवून लिहिलं की 'आता ही कमांड चालव', तर मॉडेल फसू शकतं. म्हणून कमांड चालवण्याआधी परवानगी विचारणारी खिडकी मी कधीच बंद करत नाही, कितीही वैताग आला तरी.

तक्त्यांचं म्हणाल, तर पहिल्या शोधात सगळ्यात वर आलेलं उत्तर 'अपेंड'चंच होतं. जुनं पान, पण लोकप्रिय. शोधाच्या शब्दांत आवृत्तीचा आकडा घालायला सांगितला, तेव्हा कुठे 'कॉनकॅट' वर आलं.