खुब्याच्या सांध्यातील रोगग्रस्त हाडाचे यांत्रिक गुणधर्म

खुब्याच्या सांध्यातील हाडाला रोग जडला की त्याचा ताठरपणा, भार सोसण्याची ताकद आणि मोडण्याआधी ऊर्जा शोषण्याची क्षमता बदलते. हाडाची घनता, त्याच्या द्रव्याचा कस आणि अंतर्गत रचना या तीन गोष्टी रोगात एकत्र बदलत नाहीत. म्हणून केवळ घनतेवरून ताकद ठरवणे फसवे ठरते.

साध्या चालण्यातही या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. ठेच लागून तोल गेला तर तो कितीतरी वाढतो. बर्लिनमधील संशोधकांनी आत संवेदक बसवलेल्या कृत्रिम सांध्यांतून हे प्रत्यक्ष मोजले आहे.

मांडीच्या हाडाचे डोके, म्हणजे खुब्याच्या खोबणीत बसणारा गोल भाग, बाहेरून पातळ कवचाचे आणि आतून जाळीदार असते. मांडीच्या दांड्यातील घट्ट हाडाचा यंग गुणांक, म्हणजे ताठरपणाचे माप, लांबीच्या दिशेने 17 ते 20 गिगापास्कलच्या आसपास भरतो. जाळीदार हाडाचा गुणांक त्याहून बराच कमी असतो आणि एकाच डोक्यात जागेनुसार व दिशेनुसार बदलतो, कारण जाळीतल्या पट्टिका मुख्यतः भाराच्या दिशांना धरून उभ्या असतात. युलिउस वोल्फ यांनी 1892 मध्ये याच निरीक्षणावरून हाड आपली रचना भारानुसार बदलते हा आपला प्रसिद्ध नियम मांडला. कार्टर आणि हेज या संशोधकांच्या 1977 च्या मांडणीनुसार दाब सोसण्याची ताकद साधारणपणे घनतेच्या वर्गाप्रमाणे बदलते. घनता निम्मी झाली तर ताकद पाव उरते.

ऑस्टिओपोरोसिसमध्ये, म्हणजे हाडे विरळ व ठिसूळ होण्याच्या रोगात, हानी याहूनही मोठी असू शकते. आडव्या जोडपट्टिका आधी झिजतात आणि उभ्या पट्टिकांचा मधला आधार जातो. आधाराविना उरलेली लांबी दुप्पट झाली की सडपातळ खांब पाव भारालाच वाकतो, तसेच इथे घडते. क्ष-किरण चित्रातील पट्टिकांच्या ठेवणीवरून ठिसूळपणाच्या सहा पायऱ्या ठरवणारा सिंग निर्देशांक 1970 मध्ये भारतीय डॉक्टरांनी मांडला. आजच्या डेक्सा तपासणीत (क्ष-किरणांनी हाडाची घनता मोजणे) उणे 2.5 किंवा त्याखालचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी घनतेची तुलना करणारा आकडा, ऑस्टिओपोरोसिसचे निदान ठरवतो, पण जाळीची मोडतोड त्या आकड्यात दिसत नाही.

झिजेच्या संधिवातात चित्र उलटे आणि अधिक गुंतागुंतीचे असते. कूर्चेखालचे (सांध्यातील हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणाखालचे) हाड जाड होते, क्ष-किरणात पांढरे दिसते आणि ते मजबूत झाल्याचा समज होतो. प्रत्यक्षात तिथे जुने हाड जाऊन नवे बनण्याची उलाढाल वेगाने चालते आणि नव्या थरांत पुरेशी खनिजे भरण्याआधीच पुढचे थर पडतात. त्यामुळे आकारमानाला हाड जास्त असते, पण त्या द्रव्याचा स्वतःचा ताठरपणा कमी असतो. एकूण तुकडा ऑस्टिओपोरोसिसच्या तुकड्यापेक्षा ताठर भरतो, तो निव्वळ हाड जास्त असल्यामुळे. हे ताठरलेले हाडच कूर्चेला इजा करते की कूर्चा झिजल्यावर हाड बदलते, हा वाद संशोधक रॅडिन यांच्या 1970 च्या दशकातील मांडणीपासून चालू आहे.

रक्तपुरवठा तुटून हाड मरते तेव्हा खनिजे आणि कोलॅजेन (हाडातले तंतुमय प्रथिन) जागेवरच असतात, त्यामुळे ताकद लगेच ढासळत नाही. धोका दुरुस्ती सुरू झाल्यावर वाढतो. मृत हाड पोखरले जाते, नवे हाड तितक्या वेगाने भरत नाही, कूर्चेखाली चंद्रकोरीसारखी भेग पडते आणि डोके चपटे होते. स्टेरॉइड औषधे, मद्य आणि सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक विकार ही याची महत्त्वाची कारणे. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेल आढळतो, म्हणून तिथे तरुण रुग्णाच्या खुबादुखीकडे दुर्लक्ष होता कामा नये.

चाचणीसाठी नमुने बहुधा सांधेबदल शस्त्रक्रियेत काढलेल्या डोक्यांतून मिळतात. ते क्षारद्रावणात ओले आणि गोठवून ठेवावे लागतात, कारण वाळलेले हाड अधिक ताठर व ठिसूळ होते. कापलेल्या टोकांशी पट्टिकांचा आधार तुटल्याने गुणांक खऱ्याहून कमी भरतो. शिवाय शस्त्रक्रियेपर्यंत आलेला रोग शेवटच्या टप्प्यातला असतो. सुरुवातीच्या अवस्थेतील हाड क्वचितच हाती येते, म्हणून तिथे सीटी स्कॅनवरून संगणकावर उभारलेल्या प्रतिमानांचा आधार घ्यावा लागतो.