रोबोची रीतभात : रिसेप्शनवर रोबो उभा करण्याआधी वाचायचं पत्रक

नमस्कार. आमचा गाळा ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये आहे. आम्ही रोबो बनवत नाही, ते तयार येतात. माणसासारखं डोकं आणि हात, छातीवर टॅबलेट आणि पायांच्या जागी चाकं, असा तो रोबो तुमच्या हॉस्पिटलमध्ये, शोरूममध्ये किंवा सोसायटीच्या लॉबीत येणाऱ्या-जाणाऱ्यांशी नीट वागावा, एवढंच आमचं काम.

चौकशीला येणारे बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, "याला काय काय येतं?" प्रश्न बरोबर आहे, पण रोबो बसवल्यावर आम्हाला जे फोन येतात ते वेगळेच असतात. मध्येच तोंड घालतो. अंगावर येतो. बास म्हटलं तरी थांबत नाही. माहिती कमी पडली असा फोन क्वचितच.

थांबायचं कधी, बोलायचं कधी

एका हॉस्पिटलच्या ओपीडीत आम्ही बाकावर बसून पाहिलेला प्रसंग. रोबो आमच्याकडे येण्याआधीचा. हातात फाईल घेतलेल्या एक आजी त्याच्यासमोर येऊन म्हणाल्या, "मला ते..." आणि जरा थांबल्या. रोबो म्हणाला, "माफ करा, मला समजलं नाही." आजींनी पुन्हा सुरुवात केली, "अरे, डोळ्यांचे ते..." परत तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी त्याच्याकडे पाठ केली आणि वॉचमनला विचारलं. वॉचमनने त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत वाट पाहिली, एवढाच काय तो फरक.

रोबोला वाक्य संपलं हे कळतं ते शांततेवरून. ठरावीक वेळ आवाज आला नाही की तो समजतो, आता माझी पाळी. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत माणसं फार थोडं थांबतात. 2009 साली दहा भाषांची तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हे अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास निघालं. पण स्वतःच्याच वाक्यात शब्द शोधताना आपण त्याच्या कितीतरी पट रेंगाळतो. थांबण्याची वेळ कमी ठेवली तर रोबो उद्धट वाटतो, वाढवली तर मठ्ठ.

म्हणून आम्ही नुसते सेकंद वाढवत नाही. बोलणारा "ते", "म्हणजे", "आणि" यांवर अडला असेल तर रोबो गप्प राहतो, "कुठे आहे?", "किती वाजता?" असं ऐकू आलं की लगेच कामाला लागतो. तरी दुसरी अडचण राहतेच. ऐकलेलं बोलणं बहुतेक वेळा इंटरनेटवरून सर्व्हरला जातं आणि उत्तर परत येतं. वाय-फाय रडका असला की दोन-तीन सेकंद सहज जातात. त्या वेळात रोबो पुतळ्यासारखा उभा राहिला की लोक मोठ्याने ओरडून परत विचारतात आणि गोंधळ वाढतो. आता तो मान वळवतो आणि म्हणतो, "हं, बघतो." एवढ्या "हं"ने खूप काम केलं आहे.

रोबो बोलत असताना त्याचाच आवाज त्याच्या माइकमध्ये शिरतो, म्हणून बरेच रोबो बोलताना कान बंद ठेवतात. मग त्याला मध्ये अडवणार कसं? स्वतःचा आवाज वजा करून ऐकण्याची सोय यंत्रात असेल तर आम्ही ती चालू करतो, आणि "थांब" किंवा "बास" म्हटलं की तो गप्प होतो. नसेल तर त्याची उत्तरं दोन वाक्यांवर आणतो. खरं तर असली तरी आणतोच.

मराठीचे घोळ

तुमचा रोबो "सांगतो" म्हणणार की "सांगते"? इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही, मराठीत पहिल्याच वाक्याला येतो. बाईचा आवाज आणि "मी दाखवतो" असं मिश्रण आम्ही ऐकलं आहे. लोक हसतात आणि मग त्याचं कुणी मनावर घेत नाही. आवाज निवडाल तेव्हाच हे ठरवा.

काका, मावशी, आजी ही संबोधनं आम्ही पूर्ण बंद ठेवतो. सुरुवातीला आम्हालाच हौस होती, कॅमेऱ्यावरून वयाचा अंदाज घेऊन गोड हाक मारायची. एका शोरूममध्ये रोबोने जेमतेम पंचेचाळिशीच्या बाईंना आजी म्हटलं. पुढचं सांगायला नको. आता सगळ्यांना "नमस्कार" आणि "तुम्ही". लहान मुलांनासुद्धा, त्यांना ते भलतंच आवडतं.

"परवा" आला की रोबो अडखळतो. "परवा आलो होतो" मागचा आणि "परवा येऊ का" पुढचा, हे क्रियापदावरून ठरवावं लागतं. पावणेपाच, सव्वाअकरा, दीड हे आम्ही वेगळं तपासतो, कारण अपॉइंटमेंट चुकली तर शिव्या रोबोला नाही, तुम्हाला पडतात. तारीख-वेळ ऐकली की रोबो ती उलट म्हणून दाखवतो आणि टॅबलेटवरही लिहितो.

किती जवळ यायचं

एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने 1966 साली माणसांमधल्या अंतराचे पट्टे मांडले. ओळखीच्यांशी बोलताना साधारण 45 सेंटिमीटर ते 1.2 मीटर, परक्यांशी त्याच्या पुढे. ती मापं अमेरिकेतली. सकाळी ठाणे स्टेशनवरून फास्ट लोकल पकडणाऱ्याला 45 सेंटिमीटर म्हणजे चैन वाटेल! पण यंत्राच्या बाबतीत तोच माणूस एक पाऊल मागे सरकतो, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून रोबो सव्वा मीटरवर थांबतो, समोरूनच येतो, मागून कधीच नाही. पुढचं अंतर माणसाने हवं तर कापावं.

काचेचं दार असेल तर आधी सांगा. अंतर मोजणाऱ्या लेझरचा बराचसा प्रकाश काचेतून पार जातो आणि रोबोला तिथे मोकळी वाट दिसते. सेन्सरच्या उंचीवर अपारदर्शक पट्टी चिकटवली की काम होतं.

चेहरा फार माणसासारखा हवा, असा आग्रह धरू नका. मासाहिरो मोरी या जपानी प्राध्यापकाने 1970 मध्येच लिहून ठेवलं आहे की, जवळजवळ माणसासारखं पण पुरतं नाही, असं रूप लोकांना नकोसं वाटतं. गोल डोळ्यांचं, उघड उघड यंत्र दिसणारं तोंड बरं.

कुठे घेऊ नये

जपानमध्ये नागासाकी प्रांतात 2015 साली रोबोंनी चालवलेलं हॉटेल सुरू झालं. खोलीत मदतीला एक छोटी बोलकी बाहुली होती. ती पाहुण्याच्या घोरण्याला प्रश्न समजायची आणि त्याला झोपेतून उठवून परत विचारा म्हणायची. 2019 पर्यंत तिथले निम्म्याहून जास्त रोबो काढून टाकल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा तुमच्या लॉबीत दिवसाला दहाच माणसं येत असतील, किंवा इमर्जन्सीसारखी घाईची जागा असेल, तर आमचा सल्ला नाही असाच राहील. ऑर्डर गेली तरी चालेल.

जिथे घ्याल तिथे दोनदा कळलं नाही की रोबोने माणसाकडे पाठवायचं, तिसऱ्यांदा विचारायचं नाही. ही अट आम्ही कुणासाठी शिथिल करत नाही.

2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याकडेही लक्ष असू द्या. कॅमेरा आणि माइक चालू असल्याची मराठी पाटी आम्ही रोबोसोबत देतो. चेहरा ओळखण्याची सोय बंद ठेवून देतो. हवी असेल तर कारण लेखी द्या.

पहिल्या भेटीचे पैसे नाहीत. आम्ही वही घेऊन गर्दीच्या वेळी दोन तास तुमच्या रिसेप्शनजवळ बसतो आणि लोक काय विचारतात, कसं विचारतात, ते जसंच्या तसं लिहून घेतो. त्या दिवशी काउंटरवरच्या ताईंना किंवा दारावरच्या वॉचमनना सुट्टी देऊ नका. आम्हाला बोलायचंय ते त्यांच्याशीच.